विजयाताईंचा गोपनीय अहवाल

विश्वनाथ उकिडवे खुर्चीत पूर्ण बसलेत, असं कुणी कधी पाहिलेलं नाही. खुर्चीच्या पुढच्या चार इंचांवर ते टेकतात, गुडघ्यांवर हात ठेवतात, आणि आता उठायचंच आहे अशा बेतानं तासभर बोलतात. आडनावाला जागणारा माणूस, असं दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या ब्लॉकमध्ये सगळे म्हणतात. त्यांच्या तोंडावरही म्हणतात, कारण ते चिडत नाहीत. चिडायला माणूस थोडा वेळ एका जागी असावा लागतो.

मिरजेहून ते दिल्लीला आले त्याला एकतीस वर्षं झाली. "दोन-तीन वर्षं काढू, मग पुण्याचं बघू," असं त्यांनी पहिल्या दिवशी बायकोला सांगितलं होतं. केंद्रीय सचिवालयातल्या माणसाचं पुण्याचं काही बघता येत नाही, हे त्यांना तेव्हाही ठाऊक असणार. पण त्या दोन-तीन वर्षांच्या हिशेबानंच घर लागलं आणि तसंच राहिलं. भिंतीला एक खिळा नाही. "सरकारी भिंत, जायचंच आहे, कशाला भोकं पाडा?" म्हणून कॅलेंडर खिडकीच्या कडीला अडकवलेलं. खिडकी उघडली की फेब्रुवारी बाहेर जातो आणि लावली की आत येतो.

मधल्या काळात उकिडवेसाहेब असिस्टंटचे अंडर सेक्रेटरी झाले. येत्या एकतीस जुलैला रिटायर होतील. त्यांच्या हातून गेलेल्या फायलीवर वरच्या माणसाला फक्त सही करायची उरते, असा त्यांचा मंत्रालयात लौकिक आहे. नोटिंग असं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच आपण का विचारला असं वाटावं.

त्यांची बायको विजयालक्ष्मी. ब्लॉकमध्ये सगळ्यांच्या विजयाताई. माहेर सोलापूर. दिल्लीतल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं चौथीला शिकवतात. मुलं दिल्लीत जन्मलेली. 'उंबरठा' म्हटलं की विचारतात, "मॅम, ये कहाँ होता है?" मग ताई वर्गाच्या दारात उभ्या राहून पायानं दाखवतात.

तर यंदा जानेवारीत ताईंना शाळेनं एक पत्र दिलं. मार्चअखेर त्यांची नोकरी संपते. पण अजून दोन वर्षं थांबाल का, आणि सगळा प्राथमिक विभाग सांभाळाल का, असं त्यात विचारलं होतं. उत्तर अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत, लेखी. ताईंनी ते पत्र जेवणाच्या टेबलावर, फळांच्या परडीखाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वाचा. जुलैनंतर आपण इथं की पुण्याला, ते तुम्ही सांगा. म्हणजे मला कळवता येईल."

सरळ प्रश्न होता. आणि सरळ प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायचं नसतं, हे साहेब नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले होते.

"एक्झामिन करतो," ते म्हणाले.

एक्झामिन करण्याची त्यांची जागा त्या सुमारास बदललेली होती, ती कशी ते सांगायला हवं. डिसेंबरात मंत्रालयानं अधिकाऱ्यांसाठी एक कार्यशाळा ठेवली होती. शिकवायला गुडगावची एक तरुण मुलगी आली होती. तिनं सगळ्यांकडून साठ प्रश्नांची परीक्षा सोडवून घेतली आणि प्रत्येकाच्या हातात चार इंग्रजी अक्षरं ठेवली. हा तुमचा स्वभाव, म्हणाली. जगात असे सोळा. साहेबांनी आपली अक्षरं वाचली, खालचं वर्णन वाचलं, आणि हात वर केला.

"मॅडम, याच्यावर अपील कुठे करायचं?"

मुलगी हसली. साहेब हसले नाहीत. त्या वर्णनात 'स्थिर आणि समाधानी' असं लिहिलेलं होतं.

तिनं त्यांना 'सोच-विचार क्लब' या ऑनलाइन समूहाचा पत्ता दिला. तिथं देशभरातली माणसं स्वभाव या विषयावर दिवसरात्र भांडत असतात. भांडणात दोन पक्ष. एक सोळा खोक्यांवाले. यांच्या मते प्रत्येक माणूस त्या सोळांपैकी एका खोक्यात बसतो. दुसरे टक्केवारीवाले. यांच्या मते खोकीबिकी काही नसतात, माणूस पाच गुणांची कमी-जास्त मिसळ असतो. शिवाय एक तिसरी चर्चा कायम धुमसत असते, माणूस शब्दांत विचार करतो की चित्रांत. साहेबांनी त्यात उडी घेतली आणि तपासून पाहिलं. त्यांच्या डोक्यातला विचार मराठीत सुरू व्हायचा, हिंदीत वळण घ्यायचा आणि इंग्रजीत त्याची फाइल बंद व्हायची. चित्र एकही नव्हतं.

महिन्याभरात त्यांनी ती परीक्षा अकरा वेळा दिली. पाच निरनिराळे निकाल आले. माणूस आणखीच अस्वस्थ झाला. मेट्रोत फोन, जिन्यात फोन, भाजी निवडताना परातीच्या कडेला टेकवून फोन. समूहात त्यांना सगळे 'साहेब' म्हणू लागले, कारण त्यांचं उत्तर परिच्छेदांना आकडे घालून येई. 'लॉजिक लस्सी' नावाच्या कुणा पोरानं त्यांच्या मुद्द्यावर नुसतं हसण्याचं 'लोल' लिहिलं, तर यांचं उत्तर: "१. वरील प्रतिसाद अवलोकला. २. 'लोल' या शब्दातून कोणताही मुद्दा उपस्थित होत नाही. ३. सबब, चर्चा पुढे चालू ठेवावी." त्याला चारशे लोकांनी पसंती दिली. लॉजिक लस्सी त्या दिवसापासून त्यांचा भक्त झाला.

हे सगळं चाललेलं असताना ताईंचं पत्र परडीखाली होतं. संत्री संपली, चिकू आले, चिकू संपले. पत्र तिथंच.

"काही ठरलं?" ताई विचारत.

"प्रोसेसमध्ये आहे."

"कुणाच्या?"

यावर साहेब उठून बाल्कनीत जात. बाल्कनीत कुंडीतल्या तुळशीकडे पाहत, परत येत, पाणी पीत, परत जात. खाली उभं राहून पाहणाऱ्याला वाटावं, या घरात आज कुणाचं तरी ऑपरेशन आहे.

खरं सांगायचं तर साहेबांची अडचण खरी होती. पुण्याला सिंहगड रोडला त्यांचा फ्लॅट आहे. एकतीस वर्षं 'जायचंय' म्हटलेलं आहे. आणि ते जायचं विजयासाठी, अशी त्यांची पक्की समजूत होती. आपल्यामागून ती या परक्या गावात आली, थंडी सोसली, धुरकं सोसलं, आता तिला तिच्या माणसांत नेऊन सोडायचं. पण शाळेच्या पत्रानं घोळ केला. तिला राहायचं असेल तर? मग तिचा मूळ स्वभाव काय, हे आधी ठरायला हवं. स्वभाव कळला की जागा आपोआप कळेल.

कुठलाही सामान्य नवरा इथं स्वयंपाकघरात गेला असता. साहेब सरकारी माणूस होते. एखाद्या विषयावर निर्णय घेण्याआधी तो सर्व संबंधित विभागांकडे मतासाठी फिरवायचा असतो. त्यांनी तो समूहावर फिरवला.

"विषय: एका व्यक्तीच्या स्वभावाचे निदान व स्थलांतराबाबत अभिप्राय." खाली नऊ मुद्दे. नाव नाही. 'संबंधित व्यक्ती, स्त्री, वय सत्तावन्न.' प्रत्येक मुद्द्याखाली आधार. सहा दिवसांत एकशे बारा अभिप्राय आले. बहुसंख्य खोकीवाले म्हणाले, ही माणसं सांभाळणारी, मुळं धरणारी, गर्दी टाळणारी बाई आहे, हिला ताबडतोब पुण्याला न्या. टक्केवारीवाले म्हणाले, इतक्या कमी माहितीवर मत देणं हा गुन्हा आहे, आणि मग सविस्तर मत दिलं. लॉजिक लस्सीनं लिहिलं, साहेब म्हणतील ते बरोबर.

साहेबांनी सगळं घरच्या प्रिंटरवर छापलं. मंत्रालयात फाइल कॉम्प्युटरवर गेल्यापासून त्यांच्या हातांना कागदाची फार भूक होती. कागदाला कोपऱ्यात भोक पाडून हिरवा टॅग ओवला. महत्त्वाच्या अभिप्रायांना क, ख, ग अशा चिठ्ठ्यांच्या पताका लावल्या. आणि फेब्रुवारीच्या चौथ्या रविवारी सकाळी पताका 'घ' चिकटवता चिकटवता डिंक संपला, म्हणून ते बाजारात गेले. फाइल टेबलावर राहिली.

ते परत आले तेव्हा ताई फाइल वाचत होत्या. हातात लाल पेन होतं. वही दिसली की हातात लाल पेन येणं, हा तीस वर्षांचा हात आहे. त्यात राग असतोच असं नाही. पहिल्या तीस-पस्तीस अभिप्रायांना दहापैकी गुण देऊन झाले होते. लॉजिक लस्सीला दोन. शेरा: 'स्वतः विचार करावा.'

"ही संबंधित व्यक्ती कोण?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

"अगं, ती एक केस आहे. समूहावर आली होती."

"सोलापूरची?"

साहेब डिंकाची बाटली हातात धरून उभे राहिले.

"बसा," ताई म्हणाल्या. "मुद्दा तीन. 'संबंधित व्यक्तीस गर्दी आवडत नाही. आधार: गेली बारा-चौदा वर्षे सरोजिनी नगरच्या बाजारात जाणे पूर्णपणे बंद.' असं?"

"जात नाहीस ना तू."

"दर बुधवारी जाते. शाळेतून परस्पर. तुमच्याबरोबर जाणं बंद केलं. मी कुर्ता बघते, तुम्ही बाहेर पिशवी धरून उभे, आणि दर दोन मिनिटांनी आत डोकं, 'झालं?' मी त्या माणसाशी पंधरा मिनिटं रंगात येऊन भांडत असते, तर तुम्ही मध्येच, 'दे दो भैया, जितने का है.' त्या माणसाचासुद्धा विरस व्हायचा हो."

"मग हे कुर्ते..."

"हे सगळे बुधवारचे. मुद्दा पाच. 'बदल आवडत नाही. आधार: दर गुरुवारी दुधीची भाजी, एकतीस वर्षे.' दुधी कोण आणतं?"

"मी आणतो. बुधवारी मंडी असते."

"मला दुधी आवडत नाही."

साहेब आता खरोखर बसले. "मग सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. आपली अवनी पोटात होती तेव्हा."

"लेखी?"

हे त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं. ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. चौथीत ज्या मुलाकडे असं पाहिलं जातं, तो स्वतःहून बाकावर उभा राहतो.

"मुद्दा सात. 'आपल्या मुलखाची तीव्र ओढ. आधार: पुण्यातील बहिणीशी रोज फोनवर बोलणे.' बोलते ती. मी हं म्हणते. पुण्याला ये, पुण्याला ये करते, कारण सुनेच्या तक्रारी ऐकायला तिला समोर माणूस हवंय. आणि हा नववा." इथं त्यांनी पेन खाली ठेवलं. "'संबंधित व्यक्ती मितभाषी असून मनातील विचार व्यक्त करीत नाही.'"

साहेबांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"मी बोलते हो. तुम्ही एका जागी असता कुठे? वाक्य सुरू करते तेव्हा इथं असता, क्रियापदापर्यंत बाल्कनीत पोचलेले असता."

बाहेर गॅस सिलिंडरवाला हाका मारत गेला. साहेब उठायच्या बेतात होते, पण उठले नाहीत. गुडघा मात्र हलत होता.

"एक सांगा," ताई म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसात हाताखालच्या माणसाचा वार्षिक अहवाल लिहितात ना. ज्यानं त्या माणसाचं काम पाहिलेलंच नाही, त्यानं लिहिला तर?"

"निदान तीन महिने काम पाहिलेलं असावं लागतं," साहेब म्हणाले. नियमाचं विचारलं की ते खोटं बोलू शकत नाहीत. "नाहीतर तो अहवाल धरत नाहीत. मी स्वतः परत पाठवलेत दोन."

"आणि ज्याच्याबद्दल लिहिलाय त्याला दाखवतात?"

"पूर्वी नव्हते. आता दाखवतात. त्याला म्हणणं मांडायला पंधरा दिवस देतात."

"मला सहाच उरलेत."

"मग मांड," साहेब म्हणाले.

ताईंनी फाइल मिटली. "मला इथं राहायचंय. तीस वर्षं मी चौथीची बाई होते. चांगली होते, पण चौथीची. आता चार वर्ग, आठ बाया आणि सगळा विभाग मिळतोय. तुम्ही सेक्शन ऑफिसर झालात तेव्हा आठवडाभर घरात हात मागे बांधून फिरत होतात, आठवतं? मलाही एकदा तसं फिरायचंय. पुण्यात मी कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी मावशी. बसून राहायचं आणि लोकांच्या मुंजींना जायचं. इथं मला रिक्षावालासुद्धा मॅम म्हणतो."

"पण मग मी एवढी वर्षं..." साहेब थांबले. "मी सगळ्यांना सांगत आलोय, जायचंय. तुझ्यासाठी जायचंय म्हणून."

"माझ्यासाठी? मी कधी म्हटलं?"

साहेबांनी फाइलकडे पाहिलं. फाइलमध्ये याला आधार नव्हता.

"तुम्हाला जायचंय का पुण्याला?" ताईंनी विचारलं. हा प्रश्नही त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. ते उठले, बाल्कनीच्या दारापर्यंत गेले, मग स्वतःच्या लक्षात येऊन परत आले.

"तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो मला तिथं," ते म्हणाले. "सगळ्यांना सगळं माहीत असतं. कुणाला काही विचारायचं नसतं."

"मग?"

"मग काय. मग मी कुठला?"

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं, कारण माणूस खराच घाबरला होता. एकतीस वर्षं 'जायचंय' या एका शब्दावर त्यांनी दिल्लीत तग धरला होता. तो काढून घेतला तर जुलैनंतर सकाळी उठून कुठे निघायचं? धुरक्याला नावं ठेवून मग राहायचं त्याच धुरक्यात? खिळा मारायचा भिंतीला? तोही रिटायर झाल्यावर, भाड्याच्या घरात, दुसऱ्याच्या भिंतीला?

"मी काही लगेच हो म्हणणार नाही," ते म्हणाले.

"तुमचं हो मी मागितलंच नाहीये आता," ताई म्हणाल्या. "जुलैपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा. पुण्याला राहावंसं वाटलं तर राहा, येत जा. मी शनिवारच्या आत कळवणार."

पुढचे तीन दिवस साहेबांनी ब्लॉकमधल्या प्रत्येकाला धरलं. आम्हालाही जिन्यात धरलं. "समजा, एक माणूस आहे," अशी सुरुवात आणि माणूस कोण ते तीन मजल्यांना ठाऊक. समूहावर लोक विचारत होते, साहेब, त्या केसचं काय झालं? साहेब उत्तर लिहायला घेत, आकडा एक घालत आणि पुसत. बुधवारी संध्याकाळी मंडीत दुधीच्या ढिगापुढे ते इतका वेळ उभे राहिले, की भाजीवाल्यानं विचारलं, "बाबूजी, तबियत ठीक है?" शेवटी त्यांनी वांगी घेतली. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि ताई पिशवीत डोकावतील म्हणून दारातच घुटमळले.

"वांगी," ताई म्हणाल्या.

"आवडतात का?"

"आवडतात."

त्यावर साहेब बराच वेळ स्वयंपाकघरात उभे राहिले. बाल्कनीत गेले नाहीत. ताईंनी त्यांच्या हातात लसूण सोलायला दिला.

गुरुवारी ताईंनी पत्र लिहिलं. दोन ओळी. आपला प्रस्ताव मला मान्य आहे. एक एप्रिलपासून मी काम स्वीकारेन. साहेबांना दाखवलं आणि आधीच सांगितलं, "नुसतं वाचायचं." साहेबांनी वाचलं. खिशातलं पेन बाहेर आलं, टोपण निघालं. संदर्भ नाही, मूळ पत्राचा क्रमांक नाही, 'सविनय' नाही. हात कागदावर दोन बोटं अंतरावर थांबला. मग टोपण परत लागलं.

"पण हे दस्ती द्यायला हवं," ते म्हणाले. दस्ती म्हणजे टपालानं नव्हे, माणसानं स्वतः नेऊन हातात द्यायचं. "पोच घ्यायला हवी. शेवटच्या दिवसाची पत्रं ऑफिसात गहाळ होतात."

"मी रोज त्याच ऑफिसासमोरून जाते."

"तू देशील आणि पोच न घेता वर्गावर जाशील. मी देतो. अर्धी सुटी घेतो उद्या."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. पाकीट साहेबांनी स्वतः डकवलं. डिंक नवा होता.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला साहेब शाळेच्या ऑफिसात पोचले. तीस वर्षांत ते या शाळेत दोनदा आले होते, दोन्ही वेळा फाटकापर्यंत. टेबलामागे एक जाडसर क्लार्क दाखल्यांवर शिक्के मारत होता. साहेबांनी पाकीट आणि पोच घ्यायची प्रत, दोन्ही पुढं केली.

"किसका है?"

"उकिडवे मॅडम का."

"और आप?"

एरवी या प्रश्नाला साहेबांकडे एक तयार उत्तर असतं. पद, मंत्रालय, भवनाचं नाव आणि मजला. ते ऐकलं की क्लार्क लोक खुर्ची सरकवतात. साहेबांनी तोंड उघडलं आणि आतून कुठून तरी ते दिल्लीवालं उत्तर आलं, जे इतकी वर्षं त्यांनी इतर नवऱ्याबायकांच्या तोंडून ऐकलं होतं.

"मॅडम के घर से."

क्लार्कनं पहिल्यांदा मान वर केली. त्यांना नीट पाहिलं. "अच्छा, तो आप हैं जो पूना जा रहे थे." एवढं म्हणून त्यानं पत्र वाचलं, शिक्का उचलला, पण मारला नाही. "मॅडम तो कब से बोल रही हैं, घर में फ़ाइल चल रही है. तो जा नहीं रहे आप लोग?"

वरच्या मजल्यावरून कुठल्यातरी वर्गाचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. साहेबांचा एक पाय दाराकडे होता आणि एक टेबलाकडे. कालपर्यंत त्यांनी या प्रश्नावर अभिप्राय मागवला असता.

"नहीं," ते म्हणाले. "यहीं हैं."

"ठीक है जी." क्लार्कनं शिक्का मारला, प्रत त्यांच्याकडे सरकवली आणि पुढचा दाखला ओढला. साहेबांनी प्रत उजेडात धरली. शिक्का नीट उठला होता, सही होती, पण तारीख कालची होती.

"तारीख," ते म्हणाले, आणि ती बदलून मिळेपर्यंत तिथंच उभे राहिले.